कारणं विचारायची नोकरी

निवृत्त होऊन नांदेडला परत आले, तेव्हापासून माझी ओळख करून देताना शेजारणी अडखळतात. "ह्या शमीम आपा. ह्या लातूरला भांडणात होत्या," असं परवा एकीनं आपल्या नव्या सुनेला सांगितलं. सून बिचारी दोन पावलं मागं सरकली. तिची चूक नाही. समुपदेशक म्हणजे नेमकं काय, हे माझ्या अम्मीलाही शेवटपर्यंत उमगलं नाही. ती पाहुण्यांना सांगायची, "मियां-बीवीके झगड्यांकी कचेरी है, उसमें बैठती."

ती कचेरी म्हणजे पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला असलेली एक खोली. नवऱ्यानं मारलं, सासूनं घराबाहेर काढलं, दिरानं धमकावलं, की बाई ठाण्यात यायची आणि तिथले जमादार तिला आमच्याकडं धाडायचे. आधी तिचं एकटीचं ऐकायचं. आज ती कुठं राहणार, तिथं जिवाला धोका आहे का, हे बघायचं. तक्रार द्यायची की नाही ते तिचं तिला ठरवू द्यायचं. नवऱ्याला बोलवायचं ते तिची तयारी असेल तरच. लोकांना वाटायचं, आम्ही मोडलेली लग्नं जुळवतो. आमचं काम मार थांबवायचं होतं, मग संसार राहो की न राहो.

या कामात एक गोष्ट मात्र लई मजेशीर. मारलं का, असं विचारलं की प्रत्येकाकडं कारण तयार. गप्प बसलेला नवरा मी क्वचितच पाहिला. कुणाची साखर वाढलेली असायची, कुणाचा शनी. एकाची बायको उलट बोलायची म्हणून तो मारायचा, आणि दुसऱ्याची अजिबात बोलायची नाही म्हणून. आमचे केंद्रे जमादार स्वभावानं देवमाणूस, पण त्यांचाही एक सिद्धांत होता. मोबाईल आल्यापासून हे सगळं सुरू झालं, असं ते छातीठोकपणे सांगायचे. मोबाईल यायच्या आधीही याच ठाण्यात बायका येत होत्या, अशी आठवण करून दिली की म्हणायचे, "तवा टीव्ही होता की, आपा."

मुळात मला ही वाट दाखवली ती भूकंपानं. किल्लारीच्या बाजूला लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, तेव्हा एका संस्थेनं मला बायकांची विचारपूस करायला ठेवलं. मी नवी, उत्साही. जिला विचारावं ती सांगायची, मालकाचं डोकं भूकंपानं फिरलं, म्हणून मारतो. मला ते पटायचं. ज्याची माणसं मातीखाली गेली, त्याच्या मनाचं काय होत असेल, हे मी रोज बघत होते. मग एक दिवस गोदाबाई नावाच्या म्हातारीनं मला शेडच्या दारात बसवून घेतलं. तिच्या जावयाबद्दल मी हेच बोलले, तर ती तंबाखूची चिमूट मळता मळता म्हणाली, "आगं, आधी बी मारायचाच की त्यो. तवा तर जमीन गप होती."

पुढं नवी गावं वसली, ओळीनं सारखी घरं मिळाली. तिथं एक गृहस्थ भेटले. घराचं तोंड दक्षिणेला असल्यामुळं आपलं डोकं गरम होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी बाहेर येऊन पाहिलं. अख्ख्या ओळीची तोंडं दक्षिणेलाच. "मग सगळी ओळ मारती का?" असं विचारल्यावर ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "शेजारच्यानं दाराला लिंबू बांधलाय."

त्याच सुमारास नांदेडला आमचं प्रशिक्षण झालं. बाहेरून आलेल्या सरांनी फळ्यावर एकेक सिद्धांत मांडला. काही अभ्यासक म्हणतात, मारणाऱ्याच्या मनात किंवा मेंदूतच काही बिघाड असतो. काही म्हणतात, लहानपणी बापाला पाहून पोरगा शिकतो. कुणी म्हणतं ताण, गरिबी, बेकारी. कुणी म्हणतं, घरात सत्ता पुरुषाची, आणि ती टिकवायचं हे एक हत्यार. शेवटचा सिद्धांत हिशोबी होता. माणूस मनातल्या मनात नफा-तोटा बघतो, आणि ज्यात आपलं काही जात नाही ते करून मोकळा होतो. मला बाकीचे सगळे पटले, हा शेवटचा तेवढा नाही. माणूस रागात असताना कसला हिशोब करतो, असं वाटलं. फार दुकानदारी वाटली ती. त्याचं उत्तर मला पुढं खऱ्याखुऱ्या दुकानदारानं दिलं.

तोवर लातूरचं रूप पालटलं होतं. भूकंपाचं गाव म्हणून ओळखलं जाणारं शहर आता पोरांना डॉक्टर करणारं शहर झालं. ट्यूशन एरियात पाय ठेवायला जागा नसायची. जिकडं तिकडं क्लासचे फलक आणि त्यावर हसणारी पहिली आलेली पोरं. खेड्यापाड्यातल्या आया बिऱ्हाड पाठीवर घेऊन यायच्या, पोराच्या क्लासजवळ एक-दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या आणि दोन वर्षं पोळ्या लाटत, पोराला उठवत काढायच्या. वडील गावी, दुकान नाहीतर शेती बघत. रविवारी टेस्ट, आणि टेस्टचा निकाल मोबाईलवर थेट बापाला.

अशाच एका दुपारी पाठीला सॅक लावलेली एक बारावीतली मुलगी माझ्या खोलीत आली. जमादारांना वाटलं, हिचा मोबाईल हरवला. तिनं खुर्ची ओढली, बसली आणि म्हणाली, "आपा, मी क्लास सोडून गावी गेले तर मम्मीचा मार थांबेल का? हो का नाही, एवढंच सांगा. मला पाचला बायोलॉजी हाय."

ती अश्विनी. जळकोटच्या काशिनाथअप्पांची एकुलती एक मुलगी. अप्पांचं तिथं कापडाचं दुकान, पंचक्रोशीत नाव, मठात मान. अश्विनी आणि तिची आई संगीताबाई लातूरला दोन खोल्यांत राहत होत्या. अप्पा रविवारी उदगीरमार्गे एसटीनं यायचे, पिशवीत ज्वारीचं पीठ, तूप, शेंगदाण्याची चटणी. निकाल वाईट आला की आईला मारायचे. पोरीला बोटही लावायचे नाहीत. तू इथं बसून काय करतीस, पोरीकडं लक्ष द्यायला ठेवलंय तुला, असं म्हणत मारायचे.

"म्हणजे माझ्या मार्कामुळं," अश्विनी म्हणाली. "मी क्लास सोडते, बी.ए. करते. मार्कच न्हाई आले तर मारतील कशावरून?"

मी विचारलं, कधी चांगले मार्क पडले होते का. पडले होते म्हणाली. एकदा बॅचमध्ये दुसरी आली होती.

"त्या रविवारी काय झालं?"

"त्या रविवारी बी मारलं. पण ते वेगळं. मम्मीनं आख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. एवढे पेढे कशाला वाटले म्हणून."

"मग मार्क कमी आले तरी मार, जास्त आले तरी मार. यात मार्काचा काय संबंध?"

हुशार पोरगी, पण क्लासच्या हवेत वाढलेली. प्रत्येक प्रश्नाला एक कारण असतं आणि ते आपल्याला सापडलंच पाहिजे, अशी तिची पक्की समजूत. "पेढे बी माझ्या मार्काचेच होते ना," ती म्हणाली आणि घड्याळ बघून उठली.

मला त्या पोरीची काळजी वाटली. आईचा मार थांबायला हवा होताच, पण तो आपल्यापायी पडतो ही गाठ तिच्या मनात बसत चालली होती. अशी गाठ घेऊन ती डॉक्टर झाली काय आणि न झाली काय, आयुष्यभर कुणाचा तरी राग अंगावर ओढून घेत राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दोन दिवसांनी तिनं आईला आणलं. संगीताबाई उदगीरकडच्या, ठेंगण्या, हसऱ्या. मलाच धीर द्यायला लागल्या. "खाल्ला मार, आपा. काय व्हतंय त्यानं? दोन बसल्या, संपलं."

मराठी मी शाळेत शिकले, घरात दखनी. म्हणून असेल, मला मराठीतली एक गंमत पहिल्यापासून टोचायची. मार बाई खाते. मार तिला बसतो. मार पडतो. जिला मारलं तीच वाक्यात सगळं करते, आणि मारणारा कुठंच नाही. दखनीतही तीच तऱ्हा, "हाथ उठ गया" म्हणतात. जसा काही हात झोपला होता आणि त्याला जाग आली. मी संगीताबाईंना म्हटलं, कुणी मारलं ते नाव घेऊन सांगा. त्या लाजल्या. नवऱ्याचं नाव कसं घेणार? मग अश्विनीकडं बघत हळूच म्हणाल्या, "हिच्या अप्पानं मला मारलं." आणि तोवर हसत असलेली ती बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली.

तक्रार नको म्हणाल्या, पण अप्पांना बोलवा म्हणाल्या. टेस्टच्या रविवारी अप्पांनी खोलीवर यायचं नाही, पीठ एसटीनं पाठवायचं, आणि पुन्हा मारलं तर आपण तक्रार देणार, हेही त्यांचं त्यांनीच ठरवलं. घरमालकीण खालीच राहायची. तिला त्यांनी सगळं खरं सांगून ठेवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

अप्पा आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यात, कपाळाला भस्म. जमादारांनी दारातून वर्दी दिली, "आपा, अप्पा आले." मग स्वतःच गोंधळून "अप्पा, आपा आत हायत," असं म्हणून निघून गेले. माणूस गोड. बसताना माझ्या प्रकृतीची चौकशी केली, माझ्या अंगावरच्या साडीचा पोत बघून ती कुठली, हेही ओळखलं. मग म्हणाले, "मॅडम, टेन्शन लई हाय. दुकान, पोरीचं शिक्षण. डोकं आऊट होतंय अन् हात उठतोय. मी न्हाई म्हणत न्हाई."

टेन्शनशी भांडायचं नाही, हे मी एव्हाना शिकले होते. टेन्शन खरंच होतं. मी दुकानाबद्दल विचारू लागले. लग्नसराईत गर्दी किती, त्रास देणारी गिऱ्हाइकं कशी असतात.

अप्पा खुलले. "काय सांगू मॅडम. एकेक बाई साड्यांचा ढीग उलगडायला लावती. ही दाखवा, ती दाखवा, त्या कपाटातली दाखवा. दोन तास बसती, चहा पिती अन् रंग पटला न्हाई म्हणून उठून जाती."

"राग येत असेल."

"येतोय तर. मस्तकात जातोय."

"मग काय करता?"

"हसायचं. 'ताई, पुन्हा या' म्हणायचं. अन् घड्या घालत बसायचं."

"कधी हात उठला नाही?"

"गिऱ्हाइकावर?" अप्पांना हसू आलं. "मॅडम, गिऱ्हाईक पुन्हा यायला पायजे ना. एकदा गेलं की समोरच्या दुकानात जातंय."

"आणि बायको?"

"बायको कुठं जाती?"

उत्तर इतक्या पटकन आलं की ते तोंडातून बाहेर पडल्यावरच त्यांनी ऐकलं. मग बराच वेळ ते गुडघ्यावरच्या धोतराची घडी नीट करत राहिले. मला सरांचा तो फळा आठवला. राग मस्तकात गेल्यावरही हा माणूस हिशोब करत होता, आणि चोख करत होता. टेन्शन खोटं नव्हतं, बापाला पाहून शिकले असतील तेही खोटं नसेल. पण हे सगळं घेऊनच ते दुकानातही बसायचे आणि तिथं त्यांचा हात शहाण्यासारखा घड्या घालायचा.

अप्पा पुढंही येत राहिले. रविवारी बायकोच्या खोलीऐवजी आमच्या कचेरीत यायचे. संगीताबाईंची प्रत्येक अट त्यांनी पाळली, आणि मार थांबला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. कितीतरी घरांत थांबला नाही, कितीतरी बायका एकदा येऊन गेल्या त्या पुन्हा दिसल्याच नाहीत, आणि त्यांचं काय झालं असेल हा विचार आजही मला स्वस्थ बसू देत नाही. इथं थांबला, त्याचं मोठं श्रेय संगीताबाईंचं. त्यांनी बिल्डिंगमधल्या मुलींचे डबे करायला घेतले होते. अश्विनीची परीक्षा झाल्यावरही त्या लगेच जळकोटला परतल्या नाहीत. आधी बघते, मग येते, म्हणाल्या. अप्पांना पहिल्यांदाच कळलं की बायको कुठं तरी जाऊ शकते.

एकच गोष्ट अप्पांना जमली नाही. मी त्यांना म्हटलं होतं, पोरीला तुमच्या तोंडानं सांगा की यात तिचा काही दोष नव्हता. अप्पा मान हलवायचे, "चूक झाली" म्हणायचे, "हात उठला" म्हणायचे. पण पोरीपुढं उभं राहून हे बोलायचं म्हटलं की कुठल्याशा होलसेल मालाची आठवण काढून उठायचे.

आणि झालं भलतंच. मार थांबला त्याच महिन्यांत अश्विनीचे मार्क चढत गेले. मनावरचा ताण गेला, झोप लागू लागली, मार्क चढणारच. पण पोरीनं उलटा अर्थ काढला. "बघा आपा, मार्क वाढले अन् मार थांबला. मी म्हणलं नव्हतं?" मी परोपरीनं समजावलं. तिच्याकडं आता पुरावा होता.

तिला नांदेडला आयुर्वेदाला प्रवेश मिळाला. डॉक्टर झाली. मधल्या काळात मीही निवृत्त होऊन नांदेडला आले, संगीताबाई आपल्या अटींवर जळकोटला गेल्या. अश्विनी अधूनमधून माझ्याकडं यायची, खळखळून हसायची. पण कुठल्याही परीक्षेचा निकाल लागला की आधी आईला फोन करायची आणि विचारायची, "अप्पा काही म्हणाले का?" एवढी मोठी डॉक्टरीण, आणि तो प्रश्न विचारताना तिचा आवाज बारावीतल्या पोरीचा व्हायचा. मला फार वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी तिला बघायला देगलूरचे पाहुणे आले. मुलगाही डॉक्टर. अश्विनीच्या नांदेडच्या घरीच बैठक ठरली. अप्पांनी मला आवर्जून बोलावलं, घरातलं मोठं माणूस म्हणून. बोलणी छान चालली होती. मुलाच्या वडिलांचं खतांचं दुकान, त्यामुळं दोन दुकानदारांचं जमलं. मुलाची आई तेवढी शांत होती, कप हातात धरून बसलेली. शेवटी मुलाचे वडील म्हणाले, "तुम्हाला काही इचारायचं असलं तर इचारा, अप्पा. मनात ठेवू नका."

अप्पांनी घसा साफ केला. "एक इचारायचं होतं. तुमच्या घरात मारायची रीत हाय का?"

"म्हंजी?"

"म्हंजी बायामाणसांना."

मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. "अप्पा, चार भिंतीतलं कुणी असं बैठकीत इचारतंय का?"

"मी मारत होतो," अप्पा म्हणाले. "हिच्या आईला. मी. म्हणून इचारायलोय."

संगीताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. अश्विनी पाहुण्यांसमोर बसली होती. पाहुणे, साडी, बैठक सगळं विसरून ती बापाकडं वळली.

"का मारत होता, अप्पा?"

मला वाटलं, आता टेन्शन निघणार. दुकान निघणार. अप्पांनी तिच्याकडं सरळ बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा स्वच्छ होता.

"मारता येत होतं म्हणून, माय. तुझ्या आईला जायला जागा न्हवती अन् मला इचारणारं कुणी न्हवतं. तुझ्या मार्काचा काही बी संबंध न्हवता. पैल्यापासून न्हवता."

अश्विनी उठली आणि बापाच्या शेजारी जाऊन बसली. इतकी वर्षं जे ओझं मी तिच्या खांद्यावर बघत होते, ते उतरताना मला डोळ्यांनी दिसलं, आणि मी, भांडणात हाडं झिजवलेली बाई, सगळ्यांसमोर रडले.

मुलाचे वडील चपलांकडं निघाले. "चला, उशीर व्हायलाय," म्हणाले. मुलगा अर्धवट उठून आईकडं बघू लागला. आई जागची हलली नाही. तिनं रिकामा कप संगीताबाईंच्या पुढं केला आणि म्हणाली, "अजून घोटभर असला तर द्या. मला थोडं बसायचंय."